सोलापुरात नव्या ओळखीत 'तुम्ही मूळचे कुठले?' विचारलं तर चालतं का?

चालतं, पण भेटल्या भेटल्या नको. मी पूर्व भागात राहतो. इथली बरीच पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजाची, घरं विणकामासाठी आली, तीही आजच्या तेलंगणातून, आणि त्याला पिढ्या लोटल्या. त्यामुळे "आंध्रातले का?" म्हटलं की "नाही हो, सोलापूरचेच" असं उत्तर मिळतं, आणि ते खरंच असतं. कन्नड घरांचं तर विचारूच नका, हद्दच शेजारी. त्यापेक्षा "घरी कुठली भाषा बोलता?" विचारा, लोक खुशीने सांगतात, वर दोन शब्द शिकवतात. आडनाव खोदत बसलात तर मात्र जात काढताय हे लगेच कळतं. आणि खोली भाड्याने देताना किंवा कामावर ठेवताना यातलं काहीच विचारू नका, भाषासुद्धा.