पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचा, म्हणजे एफटीआयआयचा फॉर्म भरायचाय, पण हातात एकही शॉर्ट फिल्म नाही?

नसू दे. त्यासाठी अर्ज वर्षभर पुढे ढकलू नकोस. पुण्याच्या एफटीआयआयत दिग्दर्शनाला कुठल्याही शाखेची पदवी चालते, बी.कॉम.सुद्धा. साउंडला मात्र बारावीला फिजिक्स लागतं, ते आधी बघ.

उसना कॅमेरा आणून घाईघाईत काहीतरी शूट करण्यापेक्षा एक सिनेमा तीनदा बघ, त्यातल्या एका वेळी आवाज पूर्ण बंद करून. कॅमेरा कुठे ठेवलाय, कट नेमका कधी येतो, पात्रं गप्प असताना मागे काय ऐकू येतं, सगळं वहीत उतरव. सोबत रोज पानभर लिही: एसटी स्टँडवरची भांडणं, लग्नातले रुसवेफुगवे, काहीही. बोलीत लिहिलंस तर उत्तमच. एकांकिका स्पर्धेत नुसते लाइट सांभाळले असशील तर तेही मुलाखतीत बिनधास्त सांग.

न पाहिलेल्या परदेशी दिग्दर्शकांची नावं मात्र फेकू नकोस. पुढचा प्रश्न त्यांच्यावरच आला की पंचाईत. महागड्या क्लासची गरज मला तरी वाटत नाही. आणि हो, कोलकात्याच्या सत्यजित रे फिल्म संस्थेची प्रवेशाची जाहिरातही बघत राहा, तिथेही अर्ज कर.