सुईदोरा : नाताळच्या हातशिलाईच्या भेटी, वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

दिवाळीचे डबे रिकामे झाले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो आणि नाताळात मैत्रिणींना हाताने शिवलेले काय द्यावे, याची विचारणा सुरू होते. या वेळी निवडलेली सगळी पत्रे कोल्हापूर आणि आसपासची आहेत. मोजमापे इंचांत दिली आहेत, कारण घरोघरच्या शिलाईच्या पेटीतली टेप अजून इंचांतच वाचली जाते. कापडाची खरेदी मात्र मीटरने सांगितली आहे.

प्रश्न : आम्ही पाचजणी शाळेपासूनच्या मैत्रिणी आहोत. आमची सहावी मैत्रीण ख्रिस्ती असून दर नाताळात तिच्या घरून आम्हा सगळ्यांकडे करंज्या, चकल्या आणि केकचा डबा न चुकता येतो. यंदा पाचजणींनी मिळून तिला गोधडी शिवून द्यावी असे ठरले आहे. दोघींना मशीन चालवता येते, दोघी हाताने टाके घालू शकतात आणि एकीने सुई फारशी धरलेलीच नाही. पाच आठवड्यांत हे जमेल का? कामाची वाटणी कशी करावी?
— एक वाचक, न्यू शाहूपुरी

उत्तर : जमेल, पण पलंगभर गोधडीचा हट्ट सोडा. रुंदी 48 इंच आणि लांबी 60 इंच एवढेच माप धरा. संध्याकाळी बसल्या जागी पायांवर घ्यायला ते पुरते, आणि कोल्हापुरात डिसेंबरच्या पहाटेही पारा साधारणपणे 14-15 अंशांच्या आसपास राहत असल्यामुळे जाड दुलईची तुमच्या मैत्रिणीला गरजही पडणार नाही.

12 इंचांचे चौकोनी ब्लॉक करा. रुंदीत 4 आणि लांबीत 5 असे एकूण 20 ब्लॉक लागतात, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला 4 येतात. नवशिकीलाही झेपावा असा नमुना म्हणजे नऊ चौकोनांचा ब्लॉक. चार कोपरे आणि मधला चौकोन रंगीत, उरलेले चार फिकट. प्रत्येक चौकोन साडेचार इंचांचा कापावा. चारही बाजूंनी पाव इंच माया, म्हणजे शिवणीसाठी सोडलेली कड, आत गेली की तो चार इंचांचा उरतो. 44 इंच पन्ह्याच्या कापडातून साडेचार इंचांची आडवी पट्टी काढली, तर तीत असे 9 चौकोन बसतात. फिकट चौकोन एकूण 80 लागतात, त्यासाठी सव्वा मीटर कापड पुरे. हे फिकट कापड पाचहीजणींनी एकाच ताग्यातले घ्यावे, कारण पाच घरांतून आलेले पाच तऱ्हांचे रंग एकत्र बांधण्याचे काम तेच करते. रंगीत चौकोन प्रत्येकीला 20 लागतील. ते तिने आपल्या जुन्या ड्रेसमधून काढावेत किंवा अर्धा मीटर नवे कापड घ्यावे. सगळे सुती असावे आणि कापण्याआधी धुऊन, वाळवून, इस्त्री केलेले असावे. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, आणि शिवल्यानंतर एक तुकडा आटला व दुसरा नाही, तर सबंध गोधडी चुणते.

आता नेमकी अडचण कुठे येते ते सांगते. वेगवेगळ्या घरी शिवलेले ब्लॉक एकत्र ठेवले की ते एका मापाचे निघत नाहीत, आणि याचे कारण जवळजवळ नेहमी माया हेच असते. पाव इंच म्हणजे सुमारे 6 मिलिमीटर. एखादीच्या मशीनवर ती माया 8 मिलिमीटर पडत असेल, तर एका ब्लॉकच्या दोन शिवणींत, प्रत्येक शिवणीच्या दोन्ही बाजू धरून, 8 मिलिमीटर कापड जास्त आत जाते आणि पाच ब्लॉकच्या लांबीत हा फरक 4 सेंटिमीटरवर पोहोचतो. यावर उपाय सोपा आहे. मशीनच्या पट्टीवर सुईपासून बरोबर पाव इंचावर रंगीत चिकटपट्टी लावावी आणि कापडाची कड तिला धरून चालवावी. हाताने शिवणाऱ्यांनी उलट बाजूला पेन्सिलीने रेघ आखून घ्यावी. तयार ब्लॉक साडेबारा इंच भरला पाहिजे. कमी भरला तर ओढून ताणून मापात बसवू नका; शिवण उसवा आणि पुन्हा घाला.

कापण्याचे काम पाचजणींत वाटू नका, ज्या एकीचा हात सर्वांत नेमका आहे तिच्याकडेच द्या. सुई न धरलेल्या मैत्रिणीच्या वाट्याचे चार ब्लॉक बाकीच्या चौघींनी एकेक करून शिवावेत आणि तिला इस्त्री आणि मांडणी द्या. हे दुय्यम काम समजू नये, कारण शिवणी नीट दाबल्या नाहीत तर जोडावर जोड येत नाही. शिवाय वीस ब्लॉक जमिनीवर मांडून कोणता रंग कुठे शोभतो हे पाहायला जिने ते शिवलेले नाहीत तिचीच नजर बरी. प्रत्येकीने आपल्या एका ब्लॉकच्या फिकट चौकोनावर उलट्या टिपेने आपले नाव भरावे. अमेरिकेत 1840 च्या दशकात अशा नावे घातलेल्या मैत्रीच्या गोधड्यांची मोठी चाल होती. गाव सोडून जाणाऱ्या मैत्रिणीला ती दिली जाई. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात आले ते 1852 साली, म्हणजे ही चाल तिकडे ताजी होती त्या सुमारासच, तेव्हा तुमच्या मैत्रिणीच्या नाताळाला ही भेट अगदीच परकी वाटू नये.

आतल्या भरणासाठी पॉलिएस्टरची गादी घेऊ नका. जुनी सुती सहावारी साडी साडेपाच मीटरची असते. तिचे 52 इंचांचे चार तुकडे करा आणि दोन-दोन तुकडे लांब कडेने जोडा, म्हणजे 52 बाय 64 इंचांचे दोन थर आरामात निघतात. एक आत आणि एक खाली. वरचा भाग या दोन्हींहून चारही बाजूंनी दोन इंच लहान राहील, तसाच राहू द्या, कारण टाके घालताना थर सरकतात. तिन्ही थर ताणून सपाट मांडल्यावर वीतभर अंतराने सेफ्टी पिना लावा आणि मगच धावदोरा घाला. वाकळ शिवणाऱ्या अनुभवी बायका कडेपासून आत येतात. घरातल्या एखाद्या आजी तसेच करा म्हणतील आणि त्यांच्या पद्धतीत ते योग्यही आहे. पण इथे वरचा भाग आधीच जोडून झालेला आहे, म्हणून मधून बाहेर जा, म्हणजे चुण्या कडेला निघून जातात. ओळींमधले अंतर दोन-अडीच इंच पुरे. हे काम चौघींनी चार बाजूंना बसून करायचे. पहिले चार आठवडे ब्लॉक आणि जोडणीला गेले, तरी शेवटच्या आठवड्यात ते सहज उरकते.

प्रश्न : आजीची चार लुगडी घरात आहेत. त्यांची लहान वाकळ करून नाताळला माझ्या पुण्याच्या मैत्रिणीला द्यावी असे मनात आहे, पण सणाला वापरलेले कापड देणे बरे दिसेल का, असे सासूबाई विचारतात.
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : सासूबाईंची शंका रास्त आहे. वाकळ जुन्या कापडाचीच होते हे खरे, पण ती आपण घरातल्या माणसांसाठी शिवत आलो. सणाची भेट म्हणून ती परक्या हाती देणे ही वेगळी गोष्ट आहे. मैत्रिणीने आजीला पाहिलेले असेल, त्यांच्या हातचे खाल्लेले असेल, तर निःशंक द्या. नसेल, तर आधी सरळ विचारून घ्या. चकित करण्याच्या नादात अशी वस्तू कोणाच्या गळ्यात घालू नये.

कापडाची परीक्षा मात्र भावनेच्या भरात सोडू नका. लुगडे उजेडासमोर धरा. ज्या ठिकाणी उजेड जाळीसारखा आरपार येतो, विशेषतः निऱ्यांच्या आणि बैठकीच्या जागी, तो भाग वगळा. उरलेले दोन्ही हातांनी आडवे आणि उभे ओढून पाहा. बारीक चरचर ऐकू आली तर ते कापड आतल्या थरात घाला, वर आणू नका. जरीचे काठ उसवून वेगळे ठेवा, कारण त्यांची जर टोचते आणि धुण्यात काळी पडते.

तुमच्याकडून बेळगाव ओलांडून खाली उत्तर कन्नडात गेले की हल्याळ, यल्लापूर भागातल्या सिद्दी समाजाच्या बायका जुन्या कपड्यांच्या ठिगळांची कवंदी शिवतात. कडेपासून आत येत येत त्या ठिगळावर ठिगळ लावतात आणि शेवटी चारही कोपऱ्यांवर घडी घातलेल्या त्रिकोणी तुकड्यांचे फूल बसवतात. ते फूल नसेल तर कवंदी उघडी राहिली असे त्यांच्यात मानतात. सिद्दींमध्ये हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती असे तिन्ही आहेत, आणि ख्रिस्ती घरांतल्या काही कवंद्यांत ठिगळांतूनच क्रूस साधलेला दिसतो. तुमच्या वाकळीला चार कोपऱ्यांची फुले अवश्य लावा. त्यासाठी सव्वादोन इंचांचे चौकोन दोनदा कर्णावर दुमडले की पुरते, आणि त्यात आजीच्या काठाचा रंग घेता येतो.

प्रश्न : नाताळ म्हणून लाल आणि हिरवे कापड आणले आहे. पांढऱ्याशेजारी लावल्यावर रंग जाईल का? मिठाच्या पाण्यात भिजवले तर चालेल का?
— एक वाचक, कदमवाडी

उत्तर : मिठावर विसंबू नका, कच्चा रंग मिठाने पक्का होत नाही. लाल कापडाचा कोपरा ओला करा, त्यावर पांढरे सुती फडके ठेवा आणि गरम इस्त्री दाबा. फडक्यावर गुलाबी छटा उमटली तर कापड वेगळे धूत राहा. तीन-चार धुण्यांनंतरही छटा उमटत असेल तर ते पांढऱ्याशेजारी नकोच, त्याची पिशवी शिवा.

प्रश्न : मंडळातल्या पंचवीसजणींना छोटी भेट द्यायची आहे. शिंप्याकडून पोतेभर कातरण मिळाले आहे, पण हातात दोनच आठवडे आहेत. कापडी तारे करावेत असा विचार आहे.
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : ज्या गावात 1904 साली पहिला यंत्रमाग बसला, तिथे कातरणाची वाण कधी पडणार नाही. वेळेची मात्र पडेल, म्हणून आधी हिशेब मांडू. सुबक कापडी तारा सहा शंकरपाळ्यांचा होतो. प्रत्येक शंकरपाळ्याचे टोक 60 अंशांचे असले की सहा टोके मध्यभागी बरोबर मिळतात. दीड इंच बाजूचे शंकरपाळे जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदातून कापावेत, त्यावर पाव इंच जास्त कापलेले कापड दुमडून कच्चे टाके घालावेत, मग दोन शंकरपाळ्यांच्या कडा एकमेकींना लावून अगदी कडेचेच दोन-तीन धागे धरत बारीक टाक्यांनी जोडावेत. आधी तीन आणि तीन जोडून दोन अर्धे करा आणि शेवटी मधली शिवण एका दमात घाला, म्हणजे केंद्रात भोक राहत नाही. नंतर कागद काढून घ्यावेत. तारा टोकापासून टोकापर्यंत सुमारे सव्वापाच इंचांचा होतो. दोन्ही बाजूंनी कापड हवे तर एका ताऱ्याला 12 शंकरपाळे, पंचवीस ताऱ्यांना 300. दोन आठवड्यांत एकटीने हे होणार नाही.

म्हणून तारे चार-पाच अगदी जवळच्या मैत्रिणींपुरते ठेवा. बाकीच्यांसाठी गरम भांडे धरायची आठ इंचांची चौकोनी फडकी करा. आत जुन्या टर्किश टॉवेलचे दोन थर, बाहेर दोन्ही बाजूंनी जाड सुती कापड. सुलट बाजू आत ठेवून कडेने शिवा, तीन इंच जागा मोकळी सोडून उलटवा, मोकळी जागा बंद करून मशीनने दोन आडव्या आणि दोन उभ्या टिपा मारा. एका कोपऱ्यात टांगायला फास शिवायला विसरू नका. कातरणातून नायलॉन आणि पॉलिएस्टर निवडून बाजूला काढलेच पाहिजे, कारण तापलेल्या कढईला ते लागले की वितळून हाताला चिकटते. शंका आली तर एक धागा काढून चिमट्यात धरून जाळा. सुताची राख होते, पॉलिएस्टरचा कडक मणी होतो.

प्रश्न : मागच्या नाताळला मी मैत्रिणीला स्वतः भरतकाम केलेला टेबलक्लॉथ दिला होता. तो अजून घडी न मोडता कपाटातच आहे. वाईट वाटते. यंदा काय करावे?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : तुमच्या पत्रातच पुढे लिहिले आहे की त्यावर घंटा, हिरवी पाने आणि 'शुभ नाताळ' अशी अक्षरे भरली होती. असा टेबलक्लॉथ वर्षातून आठ दिवसच निघणार, आणि हाताचे भरतकाम केक आणि चहाखाली घालायला कोणाचाही जीव धजत नाही. मैत्रिणीचा दोष मला दिसत नाही. यंदा देताना तिच्या टेबलाचे माप आधी काढा, नक्षी साधी ठेवा, रंग बाराही महिने चालतील असे घ्या आणि सोबत चिठ्ठीवर लिहा की हे मशीनमध्ये धुतले तरी चालते. तिच्यासमोर तुम्हीच त्यावर चहाचा कप ठेवलात तर आणखी बरे.

प्रश्न : तुमच्याच मागच्या अंकातल्या 48 बाय 60 इंचांच्या मापाची गोधडी शिवली आहे. टाके पूर्ण झाले, पण कडेचा गोट राहिला आहे आणि 25 डिसेंबरपर्यंत तो होईल असे वाटत नाही. तशीच द्यावी का?
— एक वाचक, बिंदू चौक

उत्तर : तशी देऊ नका. नाताळाचे दिवस 6 जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत धरले जातात, त्यामुळे भेट उशिरा पोहोचली असे कोणी म्हणणार नाही. गोटासाठी कडांची एकूण लांबी 216 इंच, कोपरे आणि जोड धरून 228. अडीच इंच रुंदीच्या सहा सरळ पट्ट्या काढा, अर्धा मीटर कापड पुरते. कडा सरळ असल्यामुळे उरेब, म्हणजे तिरकस कापलेल्या, पट्टीची गरज नाही. पट्ट्या तिरक्या जोडा, म्हणजे जोड एका जागी जाड होत नाही. लांबीत मधोमध दुमडून इस्त्री करा, उघड्या कडा गोधडीच्या सुलट बाजूच्या कडेला लावून पाव इंचावर मशीन मारा, आणि दुमडलेली कड मागे वळवून हाताने हेम घाला. कोपऱ्यापाशी पाव इंच आधी थांबून पट्टी वर आणि मग खाली दुमडली की कोपरा आपोआप टोकदार बसतो. एका बाजूला एक संध्याकाळ धरा.