कोच व्हायचंय ना, मग कॉलेज जपून निवडा

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमची मुलगी न्यू जर्सीत अकरावीला आहे, जिम्नॅस्टिक्समध्ये लेव्हल टेनपर्यंत, म्हणजे क्लबच्या स्पर्धांतल्या सर्वांत वरच्या पायरीपर्यंत, पोचली आहे आणि घोटा दोनदा दुखावल्यावर ‘मला कॉलेजच्या संघाची कोच व्हायचंय’ म्हणते आहे. तिच्या बाबांना वाटतं, आता तरी तिने रीतसर शिक्षणाकडे वळावं. ‘ती कामं ऑलिम्पिकवाल्यांनाच मिळतात ना?’ असं तुम्ही विचारलंय.

ऑलिम्पिकवालीचंच बघू. मिशिगनची जॉर्डिन वीबर 2011 मध्ये ऑल-अराउंड, म्हणजे चारही साधनांचे गुण मिळून, जगज्जेती झाली. लंडनला 2012 मध्ये ती पात्रता फेरीत चौथी आली, पण एका देशाच्या दोघींनाच वैयक्तिक अंतिम फेरीत जागा असते आणि अमेरिकेच्या दोघी तिच्या पुढे होत्या. दोन दिवसांत सावरून ती संघाच्या अंतिम फेरीत उतरली आणि सुवर्णपदक घेऊनच परतली. मात्र त्याआधीच ती व्यावसायिक खेळाडू झाली होती, त्यामुळे तेव्हाच्या नियमांनुसार तिला कॉलेजकडून खेळता आलं नाही. मग यूसीएलएत (लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात) शिकताना ती संघाची मॅनेजर झाली, पुढे बिनपगारी सहायक कोच. 2018 मध्ये तो संघ राष्ट्रीय विजेता ठरला आणि 2019 मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, आर्कान्सा विद्यापीठाने तिला मुख्य कोच नेमलं.

ती ज्यांच्या हाताखाली शिकली त्या व्हॅलरी कॉन्डोस फील्ड मुळात बॅले नर्तिका. स्वतः जिम्नॅस्टिक्स कधीच खेळल्या नाहीत, आणि यूसीएलएला त्यांनी सात राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली! तेव्हा पदक नाही म्हणून लेकीला मागे ओढू नका.

बाबांचं म्हणणंही खोडून काढायचं कारण नाही. या कामाला बहुतेक ठिकाणी पदवी लागतेच. मानसशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, तिला आवडेल ते घेऊ दे, पण जिथे महिलांचा जिम्नॅस्टिक्स संघ आहे अशाच कॉलेजात. संघात जागा नाही मिळाली तर मॅनेजरचं काम मागायला लाजू नये. बिनपगारी कोचचं पद 2023 मध्ये रद्द झालं, त्यामुळे विद्यार्थीदशेतला हा शिरकाव आणखी मोलाचा झालाय. कॉलेजच्या स्पर्धांत अजून जुन्या पद्धतीने दहापैकी गुण देतात. प्रत्येक साधनावर सहा जणी उतरतात, पाच जणींचे गुण धरतात. कसरत संपवून जमिनीवर येताना एक छोटं पाऊल सरकलं तरी 0.1पर्यंत गुण जातात. ते पाऊल का सरकलं, हे रोज सरावात बघायला मिळणं हेच खरं शिक्षण.

पगार सुरुवातीला बेताचा असतो आणि जानेवारी ते एप्रिल घरी शनिवार-रविवार उरत नाही, हे तिला आधीच सांगा.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी लिहिते. अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाच्या डॉक्टरने केलेल्या लैंगिक अत्याचाराबद्दल वीबर जानेवारी 2018 मध्ये भर कोर्टात बोलली. कॉलेज बघायला जाल तेव्हा उपचाराच्या वेळी खोलीत आणखी कोण असतं आणि तक्रार कोणाकडे करायची, हे स्पष्ट विचारा. उत्तर देताना कोणी चाचरलं तर ते कॉलेज यादीतून काढा.

या उन्हाळ्यात तिला तिच्याच जिममध्ये लहान मुलांच्या वर्गावर काम करू दे. पाच वर्षांच्या मुलीला कोलांटी शिकवताना तिचा जीव रमतो का, ते बघून मला पुन्हा लिहा.