जुन्या मोटारींच्या हिल ट्रायलचा मार्ग आजच्या नकाशावर कसा शोधायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही नागपुरात राहता, हाताशी १९०८ च्या मुंबई–कोल्हापूर ट्रायलचं (म्हणजे मोटारींच्या चढ-घाटांतल्या कसोटीचं) आणि इंग्लंडमधल्या लँड्स एंड ट्रायलचं कात्रण आहे. त्यात गावांची आणि चढांची नावं आहेत, पण ती गूगल मॅपवर टाकली की सरळ महामार्ग समोर येतो.

महामार्ग येणारच, कारण तो त्या चढांना टाळण्यासाठीच बांधला आहे. ट्रायलवाल्यांना नेमके तीव्र चढ हवे असत आणि नंतर रस्ता बांधणाऱ्यांनी तेच चढ आधी काढून टाकले. म्हणून गावं जोडत बसू नका. आधी चढ शोधा, त्याचा उतार बातमीशी जुळवा आणि मग दोन चढांच्या मधला रस्ता भरा. गावाचं नाव बदलतं, रस्ता सरकतो, पण डोंगराचा उतार तोच राहतो.

पहिल्यांदा कात्रण कशाचं आहे ते ठरवा. ‘रिलायबिलिटी ट्रायल’ म्हणजे शेकडो मैल न थांबता, न बिघडता धावणं, त्यात घाट वाटेत येतात. ‘हिल क्लाइंब’ म्हणजे एकाच चढावर वेळ मोजणं. आणि ब्रिटिश अर्थाने ‘ट्रायल’ म्हणजे ठरलेला चढ न थांबता पार करणं. थांबलात की गुण गेले. इंग्लंडात सार्वजनिक रस्त्यावरच्या वेगाच्या स्पर्धा १९२५ मध्ये कॉप हिल या चढावरच्या स्पर्धेतल्या अपघातानंतर बंद झाल्या. त्यामुळे तिकडचं १९२५ नंतरचं कात्रण सार्वजनिक रस्त्याबद्दल असेल, तर ते जवळजवळ नक्की तिसऱ्या प्रकारचं. हा फरक महत्त्वाचा, कारण पहिल्या प्रकारात शेकडो मैलांची सलग रेघ शोधायची असते, तिसऱ्यात दोन-तीनशे मीटरचे तुकडे.

मग मैलांचा हिशेब करा. मुंबई–कोल्हापूर ट्रायल ६२० मैलांची होती. रोल्स-रॉइसची ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाची सिल्व्हर घोस्ट मॉडेलची गाडी त्यात धावली होती आणि पुढे ती ग्वाल्हेरच्या महाराजांकडे गेली, त्यामुळे तिच्या नावाने शोधलं तरी बातम्या हाती लागतात. जुन्या रस्त्याने मुंबईहून पुणे, साताऱ्यावरून कोल्हापूर अडीचशे मैलांच्या आसपास. जाऊन-येऊन पाचशे. म्हणजे शंभरावर मैल उरतात आणि ते वाकडी वाट करून कुठल्या तरी घाटात घातलेले असणार. पसरणी, आंबेनळी, केळघर, कुंभार्ली, आंबा असे उमेदवार एकेक घेऊन बेरीज जमते का ते पाहा. नुसतं हे गणित केलं तरी निम्मे चुकीचे मार्ग बाद होतात.

नावांची एक ठेच बहुतेकांना लागते. इंग्रजी बातमीतला ‘भोर घाउट’ म्हणजे खंडाळ्याचा बोरघाट. पुण्याच्या दक्षिणेचं भोर गाव आणि तिथून महाडकडे उतरणारा वरंधा घाट यांचा त्याच्याशी काही संबंध नाही. आपल्याकडचंच बघा: चांदा म्हणजे चंद्रपूर, एलिचपूर म्हणजे अचलपूर, चिकलदा म्हणजे चिखलदरा. प्रत्येक नावाची तीन-चार इंग्रजी स्पेलिंगं लिहून ठेवा आणि सगळी शोधून पाहा.

वेळेची ठेच त्याहून वाईट, कारण ती दिसत नाही. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ ला सुरू झाली, पण मुंबई शहर त्यानंतरही कित्येक वर्षं स्वतःची ‘बॉम्बे टाइम’ पाळत होतं. दोन्हींत ३९ मिनिटांचा फरक. सुटण्याची वेळ एका घड्याळाची आणि पोचण्याची दुसऱ्या घड्याळाची धरली, तर ताशी २० मैलांच्या चालीने १३ मैलांची चूक होते. तेवढ्यात आख्खा घाट इकडचा तिकडे होतो.

आता नकाशे. सर्व्हे ऑफ इंडियाची जुनी एक इंची पत्रकं (१ इंचाला १ मैल, म्हणजे १:६३,३६०) सगळ्यांत कामाची. क्रमांकांची पद्धत एकदा समजली की शोधणं सोपं: ४७ क्रमांकाच्या चौकटीत कोकण-देश येतो. पुणे व खंडाळा ‘४७ एफ’मध्ये, कोल्हापूर ‘४७ एल’मध्ये. आपलं नागपूर ‘५५ ओ’मध्ये. एक इंची पत्रक मिळालं नाही, तर अमेरिकन सैन्याच्या नकाशा विभागाची १:२,५०,००० ची ‘यू ५०२’ मालिका टेक्सास विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट आहे. ती सर्व्हे ऑफ इंडियाच्याच नकाशांवरून केलेली आहे. तिच्यात घाटाची वळणं मोजता येत नाहीत, पण रस्ता डोंगराच्या कुठल्या अंगाने जात होता ते कळतं. आजच्या ओपन सीरिज पत्रकांची १:५०,००० ची प्रत सर्व्हे ऑफ इंडियाच्या पोर्टलवरून उतरवून घ्या.

फार जुन्या पत्रकावर रेखांश मद्रासच्या जुन्या मोजणीवर धरलेले असतात आणि समासात २ मिनिटं २७ सेकंदांची दुरुस्ती करा असं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. ती विसरलात तर आपल्या अक्षांशावर सगळा नकाशा सव्वाचार किलोमीटर सरकतो. दुरुस्ती केल्यावरही शे-दीडशे मीटरचा फरक उरतो, कारण जुनी पत्रकं पृथ्वीच्या आकाराच्या एका जुन्या मापावर (एव्हरेस्ट गोलाभ) आहेत आणि तुमचा फोन आजच्या मापावर (डब्ल्यूजीएस ८४). म्हणून क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणक-प्रणालीत नकाशा बसवताना कोपऱ्यांच्या आकड्यांवर विसंबू नका. न हललेल्या खुणा घ्या: रेल्वेचा पूल, जुनं देऊळ, किल्ल्याचा बुरूज. किमान सहा आणि पत्रकभर पसरलेल्या. सगळ्या एकाच गावात घेतल्या तर गाव नीट बसतं आणि घाट भरकटतो. नदीचं वळण मात्र खूण म्हणून घेऊ नका, नदी जागा बदलते.

उतार मोजण्याचं काम मी आजही कागदावर करतो आणि तुम्हालाही तेच सुचवेन. शिवणाचा दोरा ओला करा आणि छापील पत्रकावर रस्त्याच्या वळणावळणाने बसवा. ओला दोरा कागदाला चिकटून राहतो. रस्ता एका समोच्च रेषेला (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषेला) छेदतो तिथे आणि पुढच्या रेषेला छेदतो तिथे पेनाने दोऱ्यावर खूण करा, मग दोरा सरळ करून मोजा. एक इंची पत्रकावर रेषा ५० फुटांच्या अंतराने असतात. दोन खुणांमध्ये २.४ मिलिमीटर आले तर चढ एकास दहा (दहा मीटर पुढे गेलं की एक मीटर वर), १.२ आले तर एकास पाच. १:५०,००० च्या पत्रकावर रेषा २० मीटरच्या, म्हणून तिथे हेच आकडे ४ आणि २ मिलिमीटर. नेहमीची चूक अशी की लोक दोन रेषांमधलं सगळ्यांत कमी अंतर मोजतात. तो डोंगराचा उतार झाला, रस्त्याचा नव्हे. रस्ता रेषांना तिरका कापत जातो.

आणि बातमीतला ‘एकास चार’ जसाच्या तसा घेऊ नका. वार्ताहर बहुधा हेअरपिन वळणाच्या आतल्या कडेचा चढ लिहितो. समजा वळणात रस्ता ३ मीटर वर चढतो. बाहेरच्या कडेने तेवढ्यासाठी ३० मीटर चालावं लागतं, म्हणजे एकास दहा. आतल्या कडेने तेच १२ मीटरमध्ये, म्हणजे एकास चार. दोन्ही आकडे खरे आहेत. म्हणून नकाशावर सरासरी एकास दहा-बारा आणि तीव्र वळण असं दिसलं, तर तो घाट बाद करू नका. उपग्रहाच्या ३० मीटर जाळीच्या उंचीआकड्यांवरही असे छोटे टप्पे सापडत नाहीत, ५०-६० मीटरचा खडा चढ त्यात विरघळून जातो.

सह्याद्रीतल्या घाटांत रस्त्यांच्या पिढ्या वेगळ्या करा. बोरघाटात १८३० चा गाडीरस्ता, त्यावरून बेतलेला जुना राष्ट्रीय महामार्ग आणि २००२ चा एक्सप्रेसवे. कात्रजला जुना घाट-बोगदा आणि नवा बोगदा. खंबाटकीत पुण्याहून साताऱ्याकडे जाताना घाट चढावा लागतो, येताना बोगद्यातून येतो. तेव्हा परतीच्या प्रवासात काढलेली व्हिडिओ-नोंद इथे काहीच उपयोगाची नाही. ऑस्ट्रियातल्या काट्शबर्गचंही तसंच आहे. १९१२ च्या आल्पाइन ट्रायलमध्ये त्याच चढावर रोल्स-रॉइस अडकली, तीन गिअरची गाडी चार माणसं घेऊन पुन्हा उठेना. आज मोटारमार्ग खालच्या बोगद्यातून जातो आणि चढ वरच्या खिंडीच्या रस्त्यावर आहे.

लँड्स एंडचं काम घरबसल्या बरंच होतं. ही ट्रायलही १९०८ पासूनचीच, ईस्टरला भरते. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर ब्रिटनचे सहा इंची जुने नकाशे आजच्या उपग्रहचित्राशेजारी ठेवून बघता येतात, फुकट. बेगर्स रूस्ट हा चढ लिंटनजवळ, ब्लू हिल्स माइन हा कॉर्नवॉलमध्ये सेंट ॲग्नेसजवळ. हे दोन चढ आधी पक्के करा आणि बाकीचे त्यांच्या क्रमात बसवा. ऑर्डनन्स सर्व्हेच्या (ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेच्या) नकाशावर रस्त्यावर एक बाण असेल तर चढ एकास सात ते एकास पाच, दोन बाण असतील तर त्याहून खडा. पॉरलॉकच्या चढाला जपून: तिथे खडा रस्ता आणि त्याला पर्याय म्हणून काढलेला सौम्य टोलरस्ता दोन्ही आहेत. बातमीत टोलचा उल्लेख आहे का ते पाहा. १९३० पर्यंत तिकडे ताशी २० मैलांची कायदेशीर मर्यादा होती, त्यामुळे रूट कार्डावरच्या (स्पर्धकांना दिलेल्या मार्गपत्रकावरच्या) वेळांवरून अंतर काढणं सोपं जातं. प्रत्यक्ष गाडी न्यायची असेल तर २००६ च्या कायद्याने तिथल्या बऱ्याच कच्च्या वाटांवरचा वाहनांचा हक्क संपला आहे, हे आधी तपासा.

कात्रणात पाणी भरल्याचा उल्लेख आला की तो अधोरेखित करा. त्या काळच्या गाड्यांचं पाणी घाटात उकळायचं, म्हणून थांबा विहीर, झरा किंवा टाक्याजवळच असायचा. आणि तो ठिपका जुन्या नकाशावर छापलेला असतो. फोर्ड मॉडेल टीचं पेट्रोल सीटखालच्या टाकीतून नुसत्या उताराने इंजिनात यायचं. फार खड्या चढावर ते येईना म्हणून लोक ती गाडी उलटी चढवत. ‘रिव्हर्समध्ये चढली’ असं वाचलं तर चढ खरोखर खडा होता असं धरा.

सरावासाठी कोल्हापूरपर्यंत जायची गरज नाही. नागपुरातल्या झिरो माइलच्या दगडावर शिवनीचं अंतर ७९ मैल कोरलेलं आहे, म्हणजे सुमारे १२७ किलोमीटर. त्या रस्त्यावर खवासाच्या पुढे कुरई घाट आहे, ‘५५ ओ’च्याच चौकटीत, शिवनी मात्र ‘५५ एन’मध्ये जातं. जुन्या पत्रकावरचा घाट आणि आजचा चौपदरी रस्ता एकमेकांवर ठेवा, दोऱ्याने चढ मोजा आणि मग जागेवर पडताळा. पाणसळ आणि एक मीटरची पट्टी पुरते: पट्टी चढाच्या दिशेने ठेवा, खालचं टोक उचलून पट्टी समपातळीत आणा, खालची फट मोजा. १० सेंटिमीटर म्हणजे एकास दहा, २५ म्हणजे एकास चार. वळणात आतली कड, मध्य आणि बाहेरची कड अशा तीन ठिकाणी मोजा. फोनच्या जीपीएसची उंची दहा-दहा मीटर चुकते, तिच्यावर चढ काढू नका.

सोडून दिलेला रस्ता ओळखण्याच्या खुणा: दरीच्या बाजूची दगडी भिंत, घडीव दगडाची मोरी जिच्यावरून आज काहीच जात नाही, दोन ओळींत उभी चिंच किंवा वड, बुंध्याशी रुतलेला मैलाचा दगड. पावसाळ्यानंतर गवतात यातलं काही दिसत नाही. आपल्याकडे साग पानं टाकतो तेव्हा, फेब्रुवारी-मार्चमध्ये जा. कुरईचा भाग पेंचच्या जंगलाचा आहे. वनखात्याच्या परवानगीशिवाय रस्ता सोडून आत उतरू नका, वाघ खरोखर असतात.

कागदपत्रांसाठी पुराभिलेख संचालनालयाची शाखा नागपुरात आहे आणि कोल्हापुरातही. कोल्हापूर संस्थानचे कागद तिकडे. बांधकाम खात्याच्या फायली मागा, ‘मोटार’ या शब्दाने शोधू नका. ट्रायलच्या आधी घाट दुरुस्त केला असेल तर नोंद खडी आणि मोऱ्यांच्या खर्चात सापडेल.

पुढे स्वतःची जुनी गाडी या मार्गावर न्यायचा विचार असेल, तर २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. रोजच्या वापराला मनाई, रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती आणि पेट्रोलसाठी चालते.

नकाशा काढताना तीन रंग ठेवा: बातमी, नकाशा आणि जागा तिन्ही जुळले तो तुकडा काळा, दोन जुळले तो निळा, नुसता अंदाज तो तांबडा. कात्रणातली चढांची नावं छापील स्पेलिंगसकट आणि वेळांसकट इथेच खाली टाका. कुठला घाट असू शकतो ते चढाच्या हिशेबाने सांगतो.