पैगंबरांची तसबीर का नसते?

प्रश्न : आमच्या ऑफिसातली मैत्रीण मुंब्र्याजवळ कौशाला राहते. ईद-ए-मिलादला, म्हणजे पैगंबरांच्या जन्मदिनी, तिच्याकडे गेले होते. भिंतीवर अरबी अक्षरांची चौकट होती, पण पैगंबरांची तसबीर कुठेच नव्हती. आमच्याकडे विठोबा आहे, माउली आहेत. चेहराच समोर नसेल तर एवढी माया जडते कशी? आणि पुढच्या वर्षी जाताना काय न्यावं?
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : ताई, माझं सगळं आयुष्य ठाण्यात राबोडीत गेलं. आमच्याही घरात तसबीर नव्हती, आणि तिची उणीव मला कधी जाणवली नाही.

इसवी सन 632 मध्ये हजरत मुहंमद (स.) मदिनेत वारले, तेव्हा लोक सैरभैर झाले. त्यांचे सोबती हजरत उमर तर ही बातमी ऐकूनच घेईनात. मग हजरत अबू बक्र उभे राहिले आणि म्हणाले, जो मुहंमदांची उपासना करत होता त्यानं समजावं की मुहंमद वारले. जो अल्लाहची करतो त्यानं समजावं की अल्लाह जिवंत आहे, त्याला मरण नाही. जिवापाड प्रेम करणाऱ्या मित्राचे हे शब्द. प्रेमाची पूजा होऊ नये, ही काळजी तेव्हापासूनची आहे. जुन्या इराणी आणि तुर्की हस्तलिखितांत त्यांची चित्रं सापडतात, पुष्कळदा चेहरा झाकलेला असतो. आमच्याकडे घरात मात्र ती कुणी लावत नाही.

चेहऱ्याच्या जागी आमच्याकडे वर्णन आहे. जावई हजरत अली सांगतात : फार उंच नाहीत, ठेंगणेही नाहीत, केस अगदी कुरळे नाहीत, सरळही नाहीत, चालताना उतारावरून उतरल्यासारखे चालत, आणि कुणाकडे वळले तर सगळ्या अंगानं वळत. हे शेवटचं मला फार आवडतं. अर्धी मान वळवून ऐकणारी माणसं आपण रोज बघतो. अशी वर्णनं नवव्या शतकात पैगंबरांच्या आठवणी जमवणाऱ्या इमाम तिर्मिजींनी एकत्र केली. पुढे सतराव्या शतकात इस्तंबूलच्या हाफिज उस्मान यांनी ती सुंदर अक्षरांत, चौकटीत बसवून लिहायची घडण पक्की केली.

पण माया जडते ती गोष्टींनी. माझ्या नानीला वाचता येत नव्हतं, तरी किती गोष्टी तिच्या तोंडी! हजरत अनस यांनी लहानपणापासून दहा वर्षं पैगंबरांच्या घरी काम केलं. त्या काळात ‘हे का केलंस’ असं त्यांना एकदाही ऐकावं लागलं नाही. अनसच्या धाकट्या भावाची पाळलेली चिमणी मेली, तर पैगंबर त्या पोराला लाडानं विचारत, ‘अबू उमैर, तुझ्या पाखराचं काय झालं?’ नात उमामा खांद्यावर असतानाच ते नमाज पढत. सजद्याला, म्हणजे जमिनीवर माथा टेकायला, जाताना तिला खाली ठेवत, उठताना पुन्हा उचलून घेत. घरात काय करायचे, असं कुणी विचारलं तेव्हा त्यांच्या पत्नी हजरत आयेशांनी सांगितलं : चपला सांधायचे, कपडे शिवायचे, घरच्यांना हातभार लावायचे.

दुःखही थोडं नव्हतं. वडील जन्माआधीच गेले, आई सहाव्या वर्षी, आजोबा आठव्या. स्वतःच्या मुलांपैकी एक फातिमा सोडली तर सगळी त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. इब्राहिम हे बाळ तर जेमतेम दीड वर्षाचं. त्याला मांडीवर घेऊन ते रडले. नेमकं त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागलं. लोक म्हणू लागले, पैगंबरांचा मुलगा गेला म्हणून सूर्य काळवंडला. दुसऱ्या कुणी ते खुशाल चालू दिलं असतं. यांनी तिथल्या तिथे सांगितलं की सूर्य-चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कुणाच्या जन्मानं किंवा मरणानं त्यांना ग्रहण लागत नाही. पोटचं पोर नुकतं मातीआड केलेला बाप हे बोलतो आहे. मी चाळीशी ओलांडली तेव्हा कुठे या गोष्टीचं वजन मला पेललं.

आता भेटीचं. मिलाद सगळेच मुसलमान साजरा करतात असं नाही. ‘खुद्द पैगंबरांनी केला नाही, मग आपण कशाला’ असं मानणारी घरंही आमच्यात आहेत. तुमच्या मैत्रिणीकडे होतो, तेव्हा खुशाल जा. खजूर न्या किंवा फळं न्या. आणि घरात कुणी वडीलधारं असेल तर त्यांना म्हणा, ‘पैगंबरांची एखादी गोष्ट सांगा.’ जेवण थंड होईल, पण गोष्टी थांबायच्या नाहीत.