मासा पाण्याबाहेर मरतो आणि नाकतोडा पाण्यात, असं का?

नाकतोड्याच्या नावात नाक आहे तेवढंच बघा. आमच्या सांगलीत उसाच्या पाल्यावर बसलेला एखादा धरून नीट बघा, अंगाच्या दोन्ही कडंला बारीक भोकं असतात, छातीला 2 न् पोटाला 8 अशा 10 जोड्या, तिथनं हवा नळ्यांतनं थेट पेशींपर्यंत जाते, मध्ये रक्ताची भानगडच नाही, आणि पोट भात्यासारखं हलत असतंय. म्हणजे नुसतं डोकं पाण्यावर ठेवलं तरी गडी गुदमरणारच.

माशाचं वेगळं. कृष्णेचा मासा घेताना आपण कल्ला उचलून लाल आहे का बघतो ना, तो लाल रंग रक्ताचाच, पाण्यातला ऑक्सिजन तिथं रक्तात जातो न् कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. हवेत ऑक्सिजन कितीतरी जास्त, पण बाहेर काढल्यावर कल्ल्याच्या झालरी ओल्या केसांसारख्या एकमेकांना चिकटतात, मग घेणार कुठनं?