मांजराऐवजी बॅटरीवरचा प्राणी दिला तर मुलीची फसवणूक होईल का?

तुमची मुलगी आठ वर्षांची आहे, तिला दमा आहे, डॉक्टरांनी मांजर नको म्हटलंय. मग बॅटरीवरचा प्राणी दिला तर तिला फसवल्यासारखं होईल का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते नाही. फक्त ते यंत्र आहे हे तिला पहिल्याच दिवशी सांगा, आणि नंतर ती त्याला जीव लावेल तो खरा माना.

मी पाचवीत असताना माझ्याकडे असा एक होता. अंड्याच्या आकाराचा, तीन बटणांचा, छोट्या पडद्यावर प्राणी दिसायचा. अशा खेळण्याला तमागोची म्हणतात. खरा तमागोची बांदाई कंपनीने जपानमध्ये नोव्हेंबर १९९६ मध्ये आणला. माझा त्याची नक्कल, मामाने दादर स्टेशनबाहेरून घेतलेली. भूक लागली की वाजायचा. भरवायचं, शी साफ करायची, दिवा मालवून झोपवायचं. शाळेत न्यायला बंदी, म्हणून दिवसभर तो आजीकडे. तिला इंग्रजी अक्षर ओळखता येत नव्हतं, पण कोणतं बटण किती वेळा दाबायचं ते तिने पाठ केलं होतं. पूजेत असताना वाजला तर ओले हात पदराला पुसून आधी त्याचं बघायची. एकदा ती लग्नाला गावी गेली आणि तो मेला. मी रात्री जेवलो नाही. परत आल्यावर तिने मला जवळ घेतलं आणि म्हणाली, "माझंच चुकलं रे, तुला सांगून जायला हवं होतं." "खेळणं तर होतं" असं ती कधीच म्हणाली नाही.

आता दम्याचं. केसाळ खेळण्यात धूळ आणि धुळीतले किडे साठतात, आणि आत मोटर असेल तर ते मशीनमध्ये धुता येत नाही. त्यामुळे म्याव करणारं मऊ मांजर तुमच्या घरी मी आणणार नाही. शिवाय खऱ्या मांजराची नक्कल लगेच फिकी वाटते. जपानचे ताकानोरी शिबाता यांनी वृद्धांसाठी पारो हा रोबो बनवताना हेच पाहिलं. लोक यांत्रिक कुत्र्या-मांजराची तुलना खऱ्याशी करायचे. म्हणून त्यांनी सीलचं पिल्लू निवडलं, जे सहसा कुणी जवळून पाहिलेलं नसतं. पारो लाखोंचा आहे, घरासाठी नव्हेच, पण मुद्दा उपयोगी आहे.

महागडा रोबो-कुत्राही नको. सोनीचा आयबो १९९९ साली अडीच लाख येनला आला, २००६ मध्ये बंद झाला, २०१४ मध्ये कंपनीने दुरुस्तीही थांबवली. मग जपानच्या चिबा प्रांतातल्या इसुमी शहरातल्या एका बौद्ध मंदिरात या कुत्र्यांसाठी मंत्रपठण व्हायला लागलं. कुठून आला, कोणाकडे होता, अशी चिठ्ठी प्रत्येकाच्या गळ्यात. त्यानंतर त्यांचे भाग काढून दुसऱ्या आजारी आयबोंना बसवत. ही बातमी वाचताना मला आजी आठवली.

तुम्ही साधा बटणांचा तमागोची घ्या. बॅटरीचं झाकण स्क्रूने घट्ट बसतं ना, ते बघा, घरात लहान भावंड असेल तर नक्कीच. सुट्टी लागल्यावरच चालू करा, आणि शाळा सुरू झाली की दिवसा तो कोण सांभाळणार ते तिच्यासमोर आधीच ठरवा. त्या माणसाला एक दिवस जमणार नसेल तर तिला आदल्या रात्री सांगा.